गुरुवारची वीणा

१

शेततळ्याच्या काळ्या प्लास्टिकवर नखांचे ओरखडे होते, आणि ते सगळे एकाच जागी होते.

ज्यानं शेततळं पाहिलं नाही त्याला सांगते. जमिनीत घर मावेल एवढा खड्डा खणायचा, पाणी मुरू नये म्हणून त्याला प्लास्टिकचं अस्तर घालायचं आणि भरून ठेवायचं. उन्हाळ्यात संत्र्याची झाडं त्याच पाण्यावर तगतात. पण अस्तरावर शेवाळ धरतं. आत पडलेला माणूस कितीही पट्टीचा पोहणारा असो, त्याला वर चढता येत नाही. म्हणून शहाणा शेतकरी काठावर लोखंडी खुंटी ठोकतो आणि गाठी मारलेला दोर तिला बांधून ठेवतो. इथे खुंटी होती. ओरखडे बरोबर तिच्याखाली होते. दोर मात्र नव्हता.

प्रेत सहदेव खारोडेचं होतं. शेंदूरजनाघाटजवळच्या सावरढोह गावचा माणूस, आमदार भगवंतरावांचा स्वीय सहायक. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचा तो शेवटचा दिवस, शुक्रवार. आमदाराचा उजवा हात त्या दिवशी विधान भवनात असायला हवा होता. डॉक्टरांच्या मते तो बुधवारी संध्याकाळपासून या पाण्यात होता.

"पाय घसरला असेल," आमचे वरिष्ठ साहेब फोनवर म्हणाले. "अधिवेशन चालू आहे, मॅडम. गवगवा नको."

"पाय घसरला हे मान्य," मी म्हटलं. "पण दोर कुठे घसरला?"

मी गीतांजली गावंडे, सहायक पोलीस निरीक्षक. माहेर बार्शीटाकळीचं, नोकरीची पहिली वर्षं अकोल्यात गेली, उन्हाळ्यात बदली होऊन या संत्र्याच्या मुलखात आले. जीभ तिखट आहे असं वरिष्ठ माझ्या अहवालात लिहितात, आणि खोटं लिहीत नाहीत.

शेततळं वामनरावांचं. सहदेवचा हा सख्खा चुलतभाऊ. तळ्याभोवती त्यांची बाग होती, म्हणजे मागच्या रविवारपर्यंत होती. आता जेसीबीनं मुळासकट उपटलेली झाडं आडवी पडली होती आणि मृग बहाराची हिरवी संत्री चिखलात तुडवली गेली होती. इथे सरकारचं संत्रा प्रक्रिया केंद्र होणार होतं. सहदेवनंच ते गावाला आणलं, आणि वामनरावांनी त्यासाठी बापाच्या हातची बाग मोकळी करून दिली. बागच उरली नाही, मग पाण्याकडे तरी कोण फिरकणार? म्हणून प्रेत इतका वेळ कोणाला दिसलं नव्हतं.

वामनराव बांधावर उभे होते. दोघांनी त्यांना धरलं होतं. "भाऊ गेला वो मॅडम माहा," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

गावात हरिनाम सप्ताह सुरू होता. बातमी पोचली तशी खारोडे भाऊकीतली माणसं मंडपातून निमूट बाहेर आली. सुतक लागलं. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्या वेळी एक खारोडेच वीणा घेऊन उभा होता. सुतक नसलेल्या दुसऱ्या घरातल्या एका म्हाताऱ्यानं धावत येऊन त्याच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतली. मी हे जाताजाता पाहिलं आणि सोडून दिलं.

कारण तेवढ्यात आमची शिपाई दीक्षा धावत आली. "मॅडम, दोर सापडला. नितेशच्या गाडीवर हाय!"

२

नितेश खारोडे हा सहदेवचा भाऊकीतला पुतण्या. त्याची पिकअप गाडी आहे, तो संत्री भरून अमरावतीच्या बाजारात नेतो. गाडीतल्या क्रेटवर आवळून बांधलेला गाठींचा दोर तळ्यावरचाच, हे गावातल्या कोणीही सांगितलं असतं.

दिवाळीत भर चौकात त्यानं सहदेवची कॉलर धरली होती. केंद्रात तुला लावून देतो म्हणून सहदेवनं शब्द दिला आणि जागा ठेकेदार मनोजच्या माणसाला देऊ केली, हे कारण. ती झटापट सगळ्या गावानं पाहिली होती.

"दोर कुठून आणला?" मी विचारलं.

"वामनकाकाच्या शेडातून," नितेश म्हणाला. "गुरुवारी पाह्यटी दुसऱ्याच्या बागेतला माल भराले तथी गेल्तो. कोपऱ्यात पडून होता. क्रेट बांधाले पायजे होता, घेतला. तळ्यावरचा हाय हे मले का मालूम?"

"वामनराव होते तिथे?"

"होते ना. क्रेट त्यायनंच चढवून देल्ले. मी एकटाच होतो, म्हून."

"बुधवारी संध्याकाळी तू कुठे होतास?"

"गाडीतच. वरूडहून येऊन राहिलो होतो." सोबत कोणी नव्हतं. कोणी पाहिलंही नव्हतं.

साहेबांना एवढं पुरलं. "दोर सापडला, भांडण सापडलं, पोरगा सापडला. आणखी काय हवं? करा अटक." मी केली. वरून हुकूम आला की माझी जीभ तिखट राहते आणि हात मात्र चालतात.

दुपारी नितेशची आई मैनाबाई ठाण्यात आली. रडली नाही. टेबलासमोर उभी राहून भांडायलाच लागली.

"माह्या पोट्ट्यानं गुरुवारी सकाळी विना घेतली गळ्यात! खून करून कोनी विना घेते काय, मॅडम?"

"मैनाबाई, खून करून लोक तीर्थयात्रा पण करतात."

"करत असतीन! पन त्याचा तं नंबरबी नोता. गाडी भरून आला आन् घरी चाय पीत होता. वामनभाऊजीचा खांदा दुखत होता म्हून याले बलावलं. याले चोरी करता येत नाई, खोटं बोलता येत नाई, आन् थो खून करन?"

आईची साक्ष कोर्टात टिकत नाही. तिला तसं सांगायला माझं तोंड उघडेना. उद्या दुपारी नितेशला वरूडच्या कोर्टात उभं करायचं होतं. एकदा खुनाचा शिक्का बसला की सुटला तरी माणूस गावात खुनीच राहतो, आणि नितेश सुटेल अशी मला खात्री नव्हती.

तिच्या मागोमाग सहदेवची बायको शकुन आली. भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "बुधवारी दुपारी त्यायचा फोन आलता. म्हने, नागपूरहून निंगालो, पन घरी मांगून येतो. आधी एक काम हाय. थे केल्याबिगर मले कोनाले तोंड दाखवता येत नाई."

"कसलं काम?"

"नाई सांगतलं. आले नाई तं वाटलं, वापस नागपूरले गेले असतीन, म्हून कोनाले बोलली नाई. आवाज रडका होता." तिनं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, अधिवेशन सोडून हा मानूस कधीच येत नाई. माहं बाळंतपन झालं, पोरगी दोन दिवसांत गेली, तवाबी नोता आला. मंग आताच काहून आला?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

३

उत्तर अमरावतीच्या वाटेवर तिवशाला मिळालं. अधिवेशन सकाळीच संपलं होतं, आमदार भगवंतराव नागपूरहून अमरावतीला निघाले होते, आणि तिवशाच्या एका हॉटेलात चहाला थांबले होते. गळ्यातला हार त्यांनी काढून खुर्चीच्या पाठीला लटकवला होता. शेजारी ठेकेदार मनोज बसला होता.

"हिरा गेला आमचा, मॅडम," आमदार म्हणाले. "हिरा."

"हिरा अधिवेशन सोडून गावी का आला होता?"

त्यांनी मनोजकडे पाहिलं. मनोजनं चहाकडे पाहिलं.

"मनोजभाऊ, तुम्ही सांगा. सहदेवच्या फोनच्या रेकॉर्डवर गुरुवारी दिवसभर तुमचेच कॉल आहेत."

"लावून राहिलो होतो ना! लागेचना. शिव्याबी देल्ल्या, मेसेज पाहा तुमी." त्याचा चेहरा उतरला. "मेलेल्या मानसाले शिव्या देल्ल्या म्या. मी बुधवारी नागपुरातच होतो, विधान भवनाच्या गेटवर पास काढलेला हाय माहा."

तो खरं बोलत होता. नंतर मी तपासलंही.

"आज सभागृहात काय झालं, साहेब?" मी आमदारांना विचारलं.

त्यांनी बशी बाजूला सारली. "तिजोरीत खडखडाट हाय, मॅडम. तूट एवढी वाढली का सरकारनं ठरवलं, जी कामं सुरू झाली नाईत थे सारे रद्द. आज शेवटच्या दिवशी निवेदन झालं. आमचं संत्रा केंद्रबी गेलं."

"आज ठरलं?"

"निवेदन आज झालं."

"मी विचारलं, ठरलं कधी?"

हॉटेलवाल्यानं नेमका तेव्हाच आणखी चहा आणून ठेवला. तो गेल्यावर आमदार आवाज खाली आणून बोलले. कामं रद्द होणार ही कुणकुण त्यांना मागच्या आठवड्यातच लागली होती. सुरू झालेली कामं वाचतील असं नागपुरात लोक म्हणत होते. म्हणून त्यांनी सहदेवकरवी वामनरावांना निरोप धाडला, ताबडतोब झाडं काढा, जमीन मोकळी करा, फोटो पाठवा, काम सुरू झालं असं दाखवू. रविवारी बाग पडली. फोटो नागपूरला गेले. मंगळवारी रात्री कळलं की फोटो कोणी पाहिलेच नाहीत, केंद्र रद्दच आहे.

"आणि वामनरावांना?"

"सांगता येत नोतं, मॅडम. सभागृह चालू असतानी निर्णय आधी सभागृहाले कळाले पायजे. बाहेर फोडला तं हक्कभंग होते. सहदेवले बजावलं होतं म्या, शुक्रवारपरेंत तोंड उघडू नको." मग म्हणाले, "थो आयकला नाई."

म्हणजे सहदेवचं काम ते होतं. भावाला तोंडानं सांगायचं, पेपरात वाचू द्यायचं नाही. संबंध अधिवेशनात सरळ वागावंसं वाटलेला हा एकच माणूस मला दिसला, आणि तो पाण्यात बुडून मेला होता.

मी उठले. हार खुर्चीवरून खाली पडला होता, तो कोणी उचलला नाही. परत येताना गाडीत मी विचार करत होते. केंद्र गेलं हे बुधवारी सावरढोहात कोणालाच माहीत नव्हतं. सहदेव वामनरावांपर्यंत पोचला असेल तर त्या एकाच माणसाला ते कळलं असणार. पण तो पोचलाच हे सिद्ध कसं करायचं? तळं वामनरावांचं, पण त्यावर कोणीही जाऊ शकत होतं. दोर त्यांच्या शेडात सापडला हे फक्त नितेशचं म्हणणं. आणि गाव तर म्हणत होतं की सहदेव वामनरावांचा जीव की प्राण.

मग दीक्षानं मागच्या सीटवरून सहज विचारलं, "मॅडम, खांदा दुखत असनं तं क्रेट कसे चढवले वामनरावांनी?"

मी ड्रायव्हरला गाडी सावरढोहकडे वळवायला सांगितली.

४

वामनरावांच्या घरी त्यांची बायको पौर्णिमाबाई एकटीच होती. कोनाड्यात कालच्या गुरुवारच्या पूजेची मांडणी अजून तशीच होती. मार्गशीर्षातले गुरुवार, लक्ष्मीचा घट, पाच फळं. सुतकात तिला आता त्याला हात लावता येत नव्हता. ती दारातच बसली होती.

"काल पूजा केली होती तुम्ही," मी म्हटलं.

"केली ना, बाई. तवा का मालूम होतं?" तिनं पदरानं डोळे पुसले. "यायले आरतीले बलावलं, आले नाईत. अंगनातच उभे राह्यले. परसादबी घेतला नाई. म्हटलं, बाग गेली म्हून जीव लागत नसन."

"खांदा दुखत असेल त्यांचा."

"खांद्याले का झालं?" तिनं दचकून विचारलं. "मले नाई सांगतलं."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. आमच्या बार्शीटाकळीला शेजारच्या घरी लग्न होतं, हळद लागलेली, आणि भाऊकीतला म्हातारा दवाखान्यात गेला. सगळ्या आळीला ठाऊक होतं. लग्नघराला मात्र अक्षता पडेपर्यंत कोणी कळू दिलं नाही. वऱ्हाडात हे सगळेच करतात, कारण सुतक मरणापासून नाही, कळल्यापासून लागतं. ज्याला माहीत नाही त्यानं देवाला हात लावला तरी दोष नाही. ज्याला माहीत आहे त्यानं लावायचा नाही.

आता गुरुवारची सकाळ पाहा. प्रेत सापडायला अजून एक दिवस होता. सहदेव नागपुरात आहे असं गाव समजत होतं. नितेश खारोडे, त्याच भाऊकीतला, बिनदिक्कत वीणा गळ्यात घेऊन उभा राहिला. पाहिलं तर मैनाबाई बरोबर बोलली होती, फक्त कारण वेगळं होतं. नितेश पुण्यवान आहे म्हणून नव्हे, त्याला काही माहीतच नव्हतं म्हणून. नितेश ढोंगी होता असं साहेब म्हणू शकले असते. पण दुसऱ्याबद्दल काय म्हणणार? वामनराव खारोडेंनी त्याच सकाळी क्रेट उचलले, आणि वीणेची पाळी आली तेव्हा खांदा दुखतो म्हणून मंडपाबाहेर राहिले. घरच्या देवापुढे गेले नाहीत. प्रसादाला हात लावला नाही. बायकोला सांगू शकत नव्हते, म्हणून स्वतःपुरतं पाळलं.

सगळ्या सावरढोहात गुरुवारी एकच माणूस सुतकात होता.

"कुठे आहेत ते?" मी विचारलं.

पौर्णिमाबाईनं बागेकडे बोट दाखवलं. तिला काय कळलं, कितपत कळलं, मला माहीत नाही. पण मी उठले तेव्हा तिनं माझ्या वर्दीची बाही क्षणभर धरून ठेवली.

५

ते एका पडलेल्या झाडाच्या बुंध्यावर बसले होते. दिवस बुडायला आला होता.

"वामनराव, गुरुवारी वीणा का नाही घेतली?"

"खांदा—"

"क्रेट त्याच खांद्यावरून गाडीत गेले."

मी समोरच्या झाडावर बसले.

"सुतक कळल्यापासून लागतं. तुम्हाला कधी कळलं?"

त्यांनी हातातलं एक हिरवं संत्रं उलटसुलट केलं. मग ते अलगद खाली ठेवलं.

"बुधवारी आला थो," ते म्हणाले. "अथीच आला, घरी नाई. म्हने, दादा, केंद्र गेलं. शुक्रवारी निवेदन हाय. मी म्हटलं, मंग झाडं? तं म्हने, दादा, मले माफ कर. पाया पडाले वाकला. मी त्याले लोटलं का थोच सरकला, मले आजबी सांगता येत नाई. पडला तळ्यात."

"पोहता येत होतं त्याला."

"माह्याहून बरं. मीच शिकवलं होतं इहिरीत. वर पाहून हासला, मॅडम. म्हने, दादा, दोर सोड अंदर. दोर काठावर गुंडाळून ठेवला होता, बाग पडल्यापासून कोनी सोडलाच नोता. मी खुंटीपाशी गेलो. दोर हाती घेतला. थोबी पोहत त्याच बाजूले आला."

"मग?" मी विचारलं.

"आन् मी गाठ सोडली. दोर घेऊन अथी येऊन बसलो, याच खोडावर. हाका मारून राहिला होता. आधी दादा, दादा. मंग नुसताच आवाज. अंधार पडेस्तोवर बसलो मी."

"का, वामनराव? तो सांगायला आला होता. बाकी कोणी आलं नाही, तो आला."

"झाडं बाबानं लावले होते. भर उन्हायात घागरीनं पानी घालून जगवले. जेसीबी आला तवा मी फोटो काढाले उभा होतो, हासून. सहदेवनं सांगतलं होतं, दादा, हासजो, फोटो मंत्र्याले जाते." त्यांनी तळ्याकडे पाहिलंच नाही. "आमदार सापडला नाई मले. मंत्री सापडला नाई. सहदेव सापडला."

"आणि नितेश? त्याला आम्ही नेलं तेव्हा तुम्ही बांधावर उभे होता."

"बोलनार होतो. जीभ उचलली नाई."

तेव्हा मला त्यांचा खरा राग आला. रागात हातून काही घडतं, तेही मी समजून घेते, नोकरीच तशी आहे. पण पोरगा बेड्या घालून चालला आणि हा माणूस गप्प राहिला, ते मी माफ केलं नाही. आजही करत नाही.

"एक सांगा," उठताना मी म्हटलं. "गाठ सोडलीत, हाका ऐकल्यात. कोणाला संशय नव्हता. वीणा घेतली असती तर मी इथवर पोचले नसते. मग सुतक कशाला पाळलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच त्यांना कळला नव्हता.

"भाऊ मेला होता ना माहा," ते म्हणाले.

६

नितेशला शनिवारी सोडलं. मैनाबाईनं त्याला ठाण्याच्या दारातच दोन थोबाडीत लगावल्या, दुसऱ्याचा दोर उचलला म्हणून, आणि मग मिठी मारून रडली. साहेबांनी फोनवर माझं अभिनंदन केलं आणि तपास त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाल्याचं पत्रकारांना सांगितलं.

सहदेवला मुलगा नव्हता. रीतीप्रमाणे पिंड द्यायला जवळचा म्हणजे वामनरावच. शकुननं गावासमोर सांगितलं की पिंड नितेश देईल, आणि कोणी वाद घातला नाही. दहाव्याला आमदार पांढऱ्या कपड्यांत आले. पुढच्या अधिवेशनात हा विषय लावून धरू असं म्हणाले. कोणता विषय, ते त्यांनी सांगितलं नाही. बागेच्या जागी अजून उपटलेली झाडंच पडून आहेत. ती उचलायचा खर्च कोण करणार, हे ठरायचं आहे.

दहाव्याच्याच सकाळी दीक्षा माझ्या टेबलाशी आली. वामनराव आमच्याच कोठडीत होते. इतके दिवस त्यांनी दाढी केली नव्हती, गोड खाल्लं नव्हतं, खाली फरशीवर झोपले होते.

"मॅडम, थे अंघोळीले पानी मांगून राहिले. थंडं. म्हनतात, आज दहावा हाय. देऊ काय?"

मी नाही म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं.

"दे," मी म्हटलं. "भाऊ मेलाय त्यांचा."